बिनपाण्याची हजामत की फेसाची दाढी?

मराठीत 'बिनपाण्याने हजामत करणे' हा वाक्प्रचार एखाद्याची कडक शब्दांत खरडपट्टी काढण्यासाठी वापरला जातो. पाणी न लावता गालावरून वस्तरा फिरला की कातडीची कशी लाही होते, हे ज्यांनी सोसले त्यांनीच हा वाक्प्रचार घडविला असावा. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या शेव्हरने मात्र हीच शिक्षा सोय बनविली. पाणी, साबण, ब्रश यांपैकी काहीही नसताना आता दाढी करता येते. घरी असताना या सोयीचे फारसे महत्त्व वाटत नाही. प्रवासाची बॅग भरताना मात्र शेव्हर घ्यावा की नेहमीचे रेझर, हा प्रश्न हमखास उभा राहतो.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचे औरंगाबाद, हे सतत प्रवास करणाऱ्यांचे शहर आहे. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांतील अभियंते कामानिमित्त मुंबई-पुण्याला जात असतात. रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने निघून सकाळी मुंबईत उतरायचे आणि तेथून थेट बैठकीला किंवा मुलाखतीला जायचे, हा अनेकांचा जुना शिरस्ता आहे. चिकलठाणा विमानतळावरून सकाळी निघून रात्री परतणारेही आहेत. समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून नागपूर आणि मुंबई या दोन्ही दिशांचा रस्त्याचा प्रवास सोपा झाला आहे. प्रत्येक प्रवासात पाणी, वीज, वेळ आणि सामानाचे नियम वेगळे असतात. त्यामुळे दाढीचे साधन निवडतानाही थोडा विचार करणे आवश्यक ठरते.

दोन्ही साधने प्रवासातूनच पुढे आली

प्रवासी माणसाच्या सामानात वस्तरा असणे ही फार जुनी गोष्ट आहे. अजिंठा आणि वेरूळच्या लेण्यांमध्ये वर्षावास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंना मोजक्याच वस्तू जवळ बाळगण्याची मुभा होती. तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई, पाणी गाळण्याचे फडके आणि वस्तरा असे हे आठ 'परिष्कार' होत. इतक्या तुटपुंज्या सामानातही वस्तऱ्याला जागा होती, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आधुनिक रेझरचा प्रसारही घराबाहेर पडलेल्या माणसांमुळेच झाला. अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट यांनी वापरून फेकून देता येणाऱ्या पातळ पात्याची कल्पना मांडली. १९०३ साली त्यांच्या कंपनीची अवघी ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. पुढच्याच वर्षी रेझरचा खप नव्वद हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना सुमारे ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख पाती पुरविण्यात आली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय लागली होती आणि ती पुढे घरोघरी रुजली.

विजेच्या शेव्हरचा जनकही सैनिकच होता. जेकब शिक या निवृत्त अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने उत्तर अमेरिकेतील गोठविणाऱ्या थंडीत पाण्याशिवाय दाढी करण्याचा विचार केला आणि १९३१ साली त्याचा शेव्हर बाजारात आला. १९३९ साली फिलिप्सने गोल फिरणाऱ्या पात्यांचा शेव्हर आणला. जर्मनीच्या ब्राउन कंपनीने १९५० साली पातळ जाळीखाली पाती हलविणारा शेव्हर विक्रीस काढला. आज दुकानात दिसणारे बहुतेक शेव्हर या दोन घराण्यांपैकी एकाचेच वारस आहेत.

पाते आणि शेव्हर यांच्या कामातील फरक

दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. पाणी शोषून घेतल्यावर तो फुगतो व मऊ पडतो आणि पात्याला कमी जोर लावावा लागतो. म्हणूनच रेझरने दाढी करण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे चेहरा ओला ठेवणे, शक्य असल्यास कोमट पाण्याने, हा दाढीचा निम्मा भाग मानला पाहिजे. फेसाचे काम दुहेरी आहे. तो केसातील ओलावा टिकवितो आणि पाते व कातडी यांच्यामध्ये निसरडा थर निर्माण करतो. पाते त्वचेला थेट टेकून केस मुळाशी कापते. त्यामुळे दाढी तुळतुळीत होते. पण त्याबरोबर त्वचेचा अगदी वरचा थरही थोडा खरवडला जातो.

शेव्हरमध्ये पाते त्वचेला थेट लागत नाही. जाळीच्या किंवा चकतीच्या छिद्रांतून केस आत शिरतो आणि आतील हलते पाते तो कात्रीसारखा कापते. मध्ये धातूचा पातळ पडदा असल्याने कापण्याचा, रक्त येण्याचा धोका फारच कमी असतो. मात्र त्याच पडद्याच्या जाडीइतका केसाचा खुंट शिल्लक राहतो. सकाळी शेव्हरने केलेली दाढी संध्याकाळी हाताला जाणवते, ती यामुळेच. जाळीचा शेव्हर सरळ रेषेत, तर चकत्यांचा शेव्हर लहान वर्तुळांत फिरवावा लागतो. रोज किंवा दिवसाआड दाढी करणाऱ्यांना जाळीचा प्रकार सोयीचा पडतो. हनुवटी आणि मानेवर केस वेगवेगळ्या दिशांना वाढत असतील, तर चकत्यांचा प्रकार बरा. तीन-चार दिवसांची वाढलेली दाढी मात्र दोघांनाही जड जाते. अशा वेळी आधी ट्रिमरने केस बारीक करून मग शेव्हर फिरवावा.

एक महत्त्वाची गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पात्याची सवय असलेल्या त्वचेला शेव्हरशी जुळवून घेण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. या काळात पुरळ, लाली किंवा आग होणे स्वाभाविक असते. महत्त्वाच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी नवा शेव्हर विकत घेऊन तो प्रथमच प्रवासात वापरणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. साधन बदलायचे असेल, तर ते घरी असताना महिनाभर आधी बदलावे.

पाण्याचे गणित

मराठवाड्यात हा प्रश्न पाण्यापाशी येऊन थांबतो. पैठणच्या नाथसागरातून पाणी आणणाऱ्या या शहराने नळाला काही दिवसांच्या खंडाने पाणी येण्याचा अनुभव वर्षानुवर्षे घेतला आहे. टाकी, ड्रम आणि टँकर यांच्या जोरावर दिवस काढणाऱ्या घरात नळ सोडून दाढी करण्याची चैन कोणी करीत नाही. मगभर पाणी, त्यात बुडविलेला ब्रश आणि त्याच पाण्यात खळबळलेले रेझर हीच येथील पद्धत आहे. नळ मिनिटाला सहा लिटर वाहतो असे धरले, तर पाच मिनिटे तो सोडून ठेवणारा तीस लिटर पाणी घालवितो. मगात दाढी करणारा एका लिटरच्या आत काम आटोपतो.

या मगाने एका बड्या कंपनीलाही धडा दिला. जिलेटने भारतीय ग्राहकांसाठी तयार केलेले एक रेझर अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून तपासून घेतले होते आणि त्यांना ते पसंत पडले होते. भारतात मात्र ते चालले नाही. अमेरिकेतील विद्यार्थी वाहत्या नळाखाली रेझर धूत होते, तर येथील ग्राहक कपभर पाण्यात. त्या पाण्यात पात्यांमध्ये अडकलेले केस निघतच नव्हते. पुढे २०१० साली कंपनीने एकाच पात्याचे, सहज धुता येणारे 'गार्ड' रेझर पंधरा रुपयांना बाजारात आणले. प्रवाशाने यातून एवढेच घ्यावे, की जेथे पाणी बेताचे असेल तेथे तीन-चार पात्यांच्या महागड्या रेझरपेक्षा एक किंवा दोन पात्यांचे साधे रेझर अधिक उपयोगी पडते.

पाण्याचा दुसरा प्रश्न त्याच्या जडपणाचा आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अनेक ठिकाणी अधिक असतात. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही; त्याची चिकट साय तयार होते. महामार्गावरील लॉज, धर्मशाळा आणि वसतिगृहे यांमधून हेच पाणी मिळण्याची शक्यता असते. साबणाच्या वडीऐवजी क्रीम किंवा जेल जवळ ठेवल्यास हा त्रास कमी होतो. दाढीपुरते पिण्याचे बाटलीतील थोडे पाणी वापरले तरी फरक पडतो.

शेव्हरला पाणी लागत नाही. पण कोरडी त्वचा लागते. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेलेला असताना किंवा कोकणच्या दमट हवेत घामेजलेल्या गालावर जाळी अडखळते व ओढ बसते. अशा वेळी चेहरा धुऊन, पुसून, थोडी टाल्कम पावडर लावून शेव्हर फिरविल्यास तो सहज सरकतो. ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही त्वचेवर चालणारे शेव्हर मिळतात, परंतु खोक्यावर तसे स्पष्ट लिहिलेले असेल तरच तो पाण्याजवळ न्यावा.

रेल्वे, विमान आणि परदेश

रेल्वेच्या हलत्या डब्यात, बेसिनसमोर उभे राहून पात्याने दाढी करणे धोक्याचे आहे. रुळ बदलताना बसणारा एक धक्का हनुवटीवर खूण ठेवून जातो. बाहेर रांग लागलेली असते ती वेगळीच. येथे शेव्हर निःसंशय सरस ठरतो, कारण तो आपल्या जागेवर बसून, मोबाइलच्या पडद्यात पाहूनही वापरता येतो. सहप्रवाशांचा विचार करून केस रुमालात किंवा कागदावर झेलावेत, एवढेच पथ्य. शेव्हर घरूनच पूर्ण चार्ज करून न्यावा. २०२१ साली रेल्वेने आगीच्या घटना टाळण्यासाठी रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत डब्यांतील चार्जिंगचे सॉकेट बंद ठेवण्याचे ठरविले. रात्रभर चार्ज होईल या भरवशावर राहिलेला प्रवासी त्यामुळे पहाटे फसतो. डब्यांतील सॉकेटमध्ये अनेकदा ११० व्होल्टचा प्रवाह असतो, हेही ध्यानात ठेवावे.

विमानप्रवासात नियमांचा विचार आधी करावा लागतो. सुटे ब्लेड आणि उघडा वस्तरा हातातील सामानात नेता येत नाही. जुन्या पद्धतीच्या, दुधारी ब्लेड बसविण्याच्या रेझरचे ब्लेड त्यामुळे मोठ्या बॅगेत, चेक-इन सामानातच ठेवावे लागते. ज्याचे पाते प्लास्टिकच्या साच्यात पक्के बसविलेले असते, असे कार्ट्रिजचे किंवा वापरून फेकण्याचे रेझर सहसा केबिनमध्ये चालते. तथापि, तपासणी करणाऱ्या सुरक्षा कर्मचाऱ्याचा शब्द अखेरचा असतो आणि तेथे वाद घालण्यात अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातील सामानात क्रीम, जेल किंवा फोमचे डबे १०० मिलिलिटरपेक्षा मोठे चालत नाहीत. फोमचा मोठा डबा चेक-इन सामानात ठेवणे किंवा क्रीमची छोटी ट्यूब घेणे हा सोपा मार्ग आहे.

शेव्हर केबिनमध्ये नेण्यास अडचण नसते. त्यात लिथियम बॅटरी असल्याने तो हातातील सामानात ठेवणेच इष्ट. बॅगेत दाबला जाऊन तो आपोआप सुरू होण्याची शक्यता असते. गुरगुरणाऱ्या बॅगेमुळे तपासणीच्या वेळी गडबड उडू शकते आणि बॅटरीही उतरते. अनेक शेव्हरना यासाठी प्रवासी कुलूप म्हणून एक बटण दिलेले असते; ते लावण्यास विसरू नये. शेव्हर चार्ज करण्यासाठी पॉवर बँक नेत असाल, तर ती फक्त केबिनमध्येच नेता येते.

परदेशी शिकण्यास किंवा कामासाठी जाणाऱ्यांनी चार्जरवरील बारीक अक्षरे वाचावीत. भारतात २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झचा प्रवाह असतो. अमेरिकेत तो १२० व्होल्ट, तर जपानमध्ये १०० व्होल्ट असतो. चार्जरवर '१००-२४०' असे छापलेले असेल, तर केवळ पिनांचा अडॅप्टर पुरतो. तसे नसेल, तर शेव्हर एक तर अतिशय सावकाश चार्ज होईल किंवा जळून जाईल. ब्रिटनमधील न्हाणीघरांत 'फक्त शेव्हरसाठी' असे लिहिलेले वेगळे सॉकेट दिसते. त्याला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर असतो आणि ते अगदी कमी वीज देते. मोबाइल किंवा लॅपटॉपसाठी ते नसते.

खरा धोका कापण्याचा

दाढीचे साधन निवडताना गुळगुळीतपणापेक्षा सुरक्षिततेचा विचार अधिक करावयास हवा, अशा व्यक्ती पुष्कळ आहेत. मधुमेह असलेल्यांच्या जखमा हळू भरतात व त्यांत जंतुसंसर्ग होण्याचा धोका अधिक असतो. हृदयविकारानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना लहानशी कापही बराच वेळ भळभळते. घरापासून दूर, धुळीत आणि अपुऱ्या पाण्यात अशी जखम सांभाळणे कठीण असते. या दोन्ही गटांतील व्यक्तींनी प्रवासात शेव्हरच वापरावा. ज्यांचे केस कुरळे आहेत आणि दाढीनंतर केस पुन्हा कातडीत शिरून मानेवर फोड येतात, त्यांनाही शेव्हर किंवा ट्रिमरने आराम पडतो, कारण तो केस फार खोल कापत नाही.

याहून गंभीर बाब साधनांच्या देवाणघेवाणीची आहे. वसतिगृहात, लग्नघरात किंवा लॉजच्या एकाच खोलीत उतरलेल्या मित्रांमध्ये 'जरा तुझे रेझर दे' असे सहज म्हटले जाते. हिपॅटायटिस 'बी', हिपॅटायटिस 'सी' आणि एचआयव्ही या विषाणूंचा प्रसार रक्तातून होतो. हिपॅटायटिस 'बी'चा विषाणू तर शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही त्यासाठी पुरेसा असतो. पात्यावर धुतल्यावर काही राहत नाही, हा समज चुकीचा आहे. शेव्हरची जाळीही त्वचा खरवडते, म्हणून तोही दुसऱ्याला देऊ नये.

तीर्थयात्रेत ही काळजी विशेष घ्यावी लागते. तिरुपतीला केस अर्पण करणारे भाविक आणि हज किंवा उमरा पूर्ण झाल्यावर मुंडण करणारे यात्रेकरू मोठ्या गर्दीत वस्तऱ्याखाली बसतात. आपल्यासमोर नवे ब्लेड उघडून वस्तऱ्यात बसविले गेले आहे, एवढे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मान पुढे करू नये. प्रवासात कोठेही सलूनमध्ये दाढी करताना हाच नियम पाळावा. नवे ब्लेड मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. एका ब्लेडची किंमत आजारपणाच्या खर्चापुढे काहीच नाही.

दाढीनंतर तुरटी फिरविण्याची आपल्याकडील रीत उपयुक्त आहे. तुरटीने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि किरकोळ रक्तस्राव थांबतो. मात्र सलूनमधील सामाईक तुरटीचा खडा प्रत्येकाच्या गालावरून फिरलेला असतो. आपला छोटा खडा डबीत घालून जवळ ठेवणे चांगले. तो फुटत नाही, सांडत नाही आणि विमानातही त्याला कोणी अडवीत नाही.

खर्च आणि कचरा

शेव्हरची सुरुवातीची किंमत अधिक असते. शिवाय त्याची जाळी किंवा पाती साधारण दीड-दोन वर्षांनी बदलावी लागतात. दुधारी ब्लेडची दाढी सर्वांत स्वस्त, तर अनेक पात्यांच्या कार्ट्रिजची सर्वांत महाग पडते. कोणतेही पाते पाच ते सात दाढ्यांनंतर बदलणे योग्य. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि बहुतेक वेळा त्यामुळेच कापते. ओले रेझर बंद पिशवीत ठेवल्यास ते गंजते, तेव्हा झटकून, कोरडे करूनच ते बॅगेत ठेवावे.

वापरलेले ब्लेड लॉजच्या कचऱ्याच्या डब्यात किंवा गाडीच्या खिडकीबाहेर टाकणे हा गुन्हा मानला पाहिजे. कचरा उचलणाऱ्या हाताला ते लागते. २०१८ साली नारेगावच्या कचरा डेपोवरून उद्भवलेल्या संकटात या शहराने कचरा वेगळा करण्याचे महत्त्व पुरते अनुभवले आहे. जाड कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून किंवा रिकाम्या डबीत साठवून ब्लेड वेगळे द्यावे.

निवड कशी करावी?

* रात्रीची रेल्वे किंवा बस आणि सकाळी बैठक असेल, तर पूर्ण चार्ज केलेला शेव्हर घ्यावा. पूर्ण गुळगुळीत दाढी हवी असल्यास निघण्यापूर्वी घरी पात्याने दाढी करावी व सकाळी शेव्हर फक्त फिरवून घ्यावा.
* केवळ हातातील सामान घेऊन विमानाने जात असाल, तर शेव्हर किंवा कार्ट्रिजचे रेझर आणि क्रीमची छोटी ट्यूब न्यावी. सुटे ब्लेड घरीच ठेवावे.
* ट्रेकिंग किंवा जेथे आठवडाभर वीज मिळण्याची खात्री नाही, अशा यात्रेला एक-दोन पात्यांचे साधे रेझर आणि तुरटीचा खडा पुरेसा आहे.
* मधुमेह असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास शेव्हरच वापरावा.
* महिना-दोन महिन्यांच्या मुक्कामाला दोन्ही साधने नेण्यास हरकत नाही. एक बिघडले किंवा हरवले, तरी दुसरे हाताशी राहते.
* कोणतेही साधन असो, ते दुसऱ्याला देऊ नये आणि दुसऱ्याचे घेऊ नये.

पाणी किती मिळेल, वीज केव्हा मिळेल आणि आपली त्वचा काय सोसेल, या तीन प्रश्नांची उत्तरे बॅग भरण्यापूर्वी शोधली, तर शेव्हर की रेझर हा वाद उरत नाही. पात्याची दाढी गालाला अधिक गुळगुळीत करते. प्रवासात मात्र अनेकदा थोडा कमी गुळगुळीत पण न कापलेला गालच अधिक कामाचा ठरतो.